बाटलीत किती आलं

सकाळी ८.१०

शटर अर्धंच वर गेलंय. पोरगा वाकून आत शिरतो. दिवे लावतो, भिंतीवरच्या गणपतीला उदबत्ती लावतो, मग कंप्रेसर चालू करतो. टाकी भरायला पंधरा मिनिटं लागतात, तोवर झाडू.

मोशीतलं हे गॅरेज पुणे-नाशिक रस्त्यापासून एक गल्ली आत आहे. तीन गाड्या मावतात, चौथी दारात. भाडं महिना २२,०००. जानेवारीतला बुधवार आहे, आणि उद्याचा गुरुवार म्हणजे भोसरी एमआयडीसीची सुट्टी. ॲल्युमिनियमचं वेल्डिंग करून घ्यायचं असेल तर आजच.

पोरगा १९ वर्षांचा. आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा ट्रेड केलाय. महिना १३,००० मिळतात. आठ महिने झाले त्याला इथे.

८.३५

अण्णा येतात. गाडी स्टँडवर लावायच्या आधीच विचारतात, "पांढरी चालू केलीस का?"

"नाही अण्णा. तुम्ही नाही म्हणाला होता."

पांढरी हॅचबॅक रात्रभर इथेच उभी होती, म्हणजे इंजिन थंडगार. अण्णांना तेच हवं होतं. बॉनेट उघडतात. बॅटरीशेजारी पाण्याच्या छोट्या बाटलीएवढा एक ॲल्युमिनियमचा डबा बसवलाय. दोन जाड नळ्या त्याला येऊन मिळतात, बुडाला एक छोटा कॉक. हा कॅच कॅन. गॅरेजमध्ये त्याला नुसतं 'डबा' म्हणतात.

अण्णा कॉकखाली बाळाची दुधाची बाटली धरतात. नातीची जुनी बाटली, बूच काढलेली. अंगावर मिलीलिटरच्या रेघा छापलेल्या. कॉक फिरवला की आधी काही येत नाही, मग गढूळ, पांढुरकं, ताकात काळा मसाला कालवावा तसं काहीतरी संथ उतरायला लागतं. वास पेट्रोलचा.

"थंडीत असंच येतं. पाणी असतं त्यात. गाडी घरापासून ऑफिसपर्यंत, चार किलोमीटर. इंजिन तापायच्या आत बंद. मग वाफेचं पाणी होतं आणि ऑइलमध्ये घुसळलं जातं."

बाटली उजेडात धरतात. ३५ मिली. पोरगा लांबट वहीत लिहितो: तारीख, गाडीचा नंबर, किलोमीटर, मिली. मागच्या वेळी १,५०० किलोमीटरला ३० आले होते. म्हणजे ठीक.

ही वही मला या गॅरेजमधली सगळ्यात मोलाची वस्तू वाटते. टूलकिटपेक्षाही.

डबा काय पकडतो ते सांगायला हवं. सिलिंडरमध्ये स्फोट होतो तेव्हा पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असोत, थोडा वायू फटीतून खाली इंजिनच्या पोटात उतरतोच. तिथे ऑइलचे शिंतोडे उडत असतात. वायू आणि ऑइलचं धुकं मिळून दाब तयार होतो. त्याला वाट दिली नाही तर सील फुटतात. जुन्या गाड्यांत एक नळी खाली लोंबत सोडलेली असायची, धूर रस्त्यावर. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात, धुरक्याला कंटाळून, हा वायू परत इंजिनातच जाळायची सोय गाड्यांना आली. तिचं नाव पीसीव्ही. आज प्रत्येक पेट्रोल गाडीत ती आहे. इंजिन स्वतःची ढेकर स्वतःच गिळतं. त्या ढेकरेबरोबर ऑइलही गिळतं, आणि डबा त्या वाटेवर बसतो.

९.२०

पोलोवाले सर आले. हिंजवडीत नोकरी, वय तिशीच्या आतलं. एक लिटरची टर्बो पेट्रोल पोलो, तीन सिलिंडर, कंपनीची ताकद ११० पीएस. रीमॅप करून ती वाढवून घेतलीय. उद्या पहाटे ते निघणार चेन्नईकडे. इरुंगट्टुकोट्टईला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक आहे, एक फेरी ३.७ किलोमीटरची. शनिवारी तिथे गाडी पळवायची आहे. इथून बाराशेच्या आसपास किलोमीटर, आणि देहूरोडवरून जाणारा ४८ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग थेट त्या ट्रॅकच्या दारावरून जातो.

त्यांनी एक डबा सोबत आणलाय. निळा, चकचकीत, ऑनलाइन २,२०० रुपयांना. अण्णा काही बोलत नाहीत. भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला एक डबा काढून त्यांच्या हातात देतात. तोही असाच चकचकीत, लाल, फक्त हॅक्सॉने उभा चिरलेला. आत काही नाही. रिकामं नळकांडं. वर दोन भोकं शेजारी-शेजारी.

"सर, हवा इकडून आली आणि इकडून गेली. थांबली कुठे? थांबली तर थेंब पडणार."

सर आपला निळा डबा उघडून पाहतात. आत तेच. तो परत पिशवीत जातो.

मग दुसरा प्रश्न. दुसरी नळी इंजिनला परत न जोडता, वर छोटा फिल्टर लावून मोकळी सोडली तर? रेसमध्ये करतात ना? अण्णा मान हलवतात. ते तरुणपणी नाशिकच्या रॅलीला मेकॅनिक म्हणून जायचे, एस्टीमवर काम केलंय. एफआयएच्या, म्हणजे रेसिंगच्या जागतिक संघटनेच्या, नियमात अशा उघड्या नळीला दोन हजार सीसीपर्यंत दोन लिटरचा आणि त्यावर तीन लिटरचा डबा लागतो. आतलं दिसेल असा. पांढरट प्लास्टिकचा, नाहीतर काचपट्टी असलेला. हेतू एवढाच, की ट्रॅकवर ऑइल सांडून मागचा घसरू नये.

"तिथं ते ठीक. रस्त्यावरच्या पेट्रोल गाडीतून ही वाफ बाहेर सोडायची परवानगी नाही. केबिनमध्ये वास येतो तो वेगळाच."

"पीयूसीत कळतं का पण?"

"नाही कळत. तो नळी सायलेन्सरमध्ये घालतो, बॉनेट उघडत नाही. म्हणून आपण करायचं का सर?"

सर नाही म्हणतात. मनापासून म्हणतात, असं मला वाटलं.

१०.००

पोलोचं बॉनेट. अण्णा इंजिन चालू करतात, ऑइल भरायचं झाकण काढतात आणि त्या तोंडावर रबराचा हातमोजा ताणून बसवतात. पोरगा श्वास रोखून बघतो. मोजा किंचित आत ओढला जातो, बोटं मिटतात. बरं लक्षण. आत हलकी ओढ आहे. मोजा फुगून हात वर करून उभा राहिला असता, तर रिंगा गेल्या किंवा वाट तुंबली. मग डब्याचं काम थांबवून आधी ते बघावं लागलं असतं.

टर्बो गाडीत या वाफेला दोन वाटा असतात. गाडी निवांत चालते तेव्हा मॅनिफोल्डची ओढ तिला खेचते. ॲक्सिलरेटर दाबला, टर्बोने हवा कोंबली, की त्या बाजूला ओढीऐवजी दाब येतो. तिथला एकतर्फी व्हॉल्व्ह मिटतो आणि वाफ टर्बोच्या तोंडाकडच्या वाटेने जाते. ट्रॅकवर पाय दाबलेलाच असतो, त्यामुळे खरं ऑइल तिकडून येतं. शिवाय लांब वळणात ऑइल एका बाजूला चढतं, तेही त्या वाटेला लागतं. आज डबा त्याच वाटेवर. पहिली वाट कंपनीच्या सेपरेटरवर सोडायची.

अण्णा टर्बोच्या तोंडाची नळी काढून आत बोट फिरवतात. बोट काळं, ओलं.

सुतळीने माप घेतात. इथून इथे ७० सेंटिमीटर, परत ९०. उंची २०, रुंदी ८. सिगारेटच्या पाकिटाच्या मागे चित्र काढतात.

११.०५

चहा. तीन कटिंग, ३० रुपये. सर ऑफिसच्या कॉलवर, बाहेर कडुनिंबाखाली.

११.२०

दुसरी गाडी. १.८ लिटरची टर्बो सेडान, ९०,००० किलोमीटर चाललेली, कधीच डबा न लावलेली. थंडीत सकाळी थरथरते, अशी तक्रार. काल संध्याकाळी तिचं इनटेक मॅनिफोल्ड उतरवून ठेवलंय.

पोरगा बॅटरी लावलेला छोटा कॅमेरा पोर्टमध्ये घालतो. मोबाइलच्या पडद्यावर व्हॉल्व्ह दिसतो. दिसतो म्हणायचं एवढंच. दांड्याभोवती काळा, खडबडीत थर. दूध उतू जाऊन करपलेल्या पातेल्याच्या बुडासारखा.

जुन्या गाड्यांत पेट्रोल व्हॉल्व्हच्या पाठीवर फवारलं जायचं. पेट्रोलच व्हॉल्व्ह धुवायचं. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सुटतं. व्हॉल्व्हच्या वाट्याला फक्त हवा आणि तिच्याबरोबर आलेलं ऑइलचं धुकं. गरम व्हॉल्व्हवर ते बसतं, भाजतं, पुन्हा बसतं.

साफ करायला अक्रोडाच्या कवचांची भरड वापरतात. बारीक रव्यापेक्षा थोडी जाड, बदामी रंगाची. धातूला ओरखडा न काढता कार्बन सोडवते. गोणी २५ किलोची, परत वापरत नाहीत.

आधी पुढची पुली पान्याने हाताने फिरवून ज्या सिलिंडरचं काम आहे त्याचे व्हॉल्व्ह मिटवून घ्यायचे. हे चुकलं तर भरड सिलिंडरात जाणार आणि इंजिन वाया. अण्णा प्रत्येक वेळी कॅमेऱ्याने खात्री करतात. मी मोजलं, पहिल्याच सिलिंडरला दोनदा. मग पोर्टवर व्हॅक्यूमचं तोंड, त्यातूनच बंदुकीची नळी. कंप्रेसर गुरगुरतो. भरड सळसळत आत, काळी होऊन बाहेर. पाच सेकंद मारायचं, थांबायचं, बघायचं. कानात बोळे, डोळ्यांना चष्मा, तोंडाला फडकं.

पहिल्या सिलिंडरला पाऊण तास लागला. शेवटी पडद्यावर राखाडी, स्वच्छ व्हॉल्व्ह.

"डबा असता तर हे झालं नसतं का?" मी विचारतो.

अण्णा बंदूक खाली ठेवतात. "कमी झालं असतं. उशिरा झालं असतं. व्हॉल्व्हच्या दांड्यावरून थोडं ऑइल वरूनही उतरतं, जळका धूरही मागे येतो. ते डबा कसा पकडणार? लोकांना वाटतं डबा लावला की सुटलो. डबा औषध नाही. तो सांगतो, पोटात काय चाललंय. ऐकायचं की नाही, ते मालकाचं."

उरलेले तीन सिलिंडर जेवणानंतर पोरगा एकटा करणार. आज पहिल्यांदा.

१.३५

डबे. अण्णांच्या डब्यात भाकरी, मेथी, ठेचा. पोराला समोरच्या खाणावळीची थाळी, ८० रुपये, गॅरेजच्या खात्यावर. हात पेट्रोलने, मग साबणाने, मग नुसत्या पाण्याने. तरी नखं काळीच.

२.१५

भोसरी. मी अण्णांच्या मागे दुचाकीवर. पत्र्याच्या शेडमधला फॅब्रिकेटर मूळ लातूरकडचा. टिग वेल्डिंग करतो. दोन मदतनीस, एक आर्गॉनचा सिलिंडर साखळीने भिंतीला बांधलेला.

"उद्या बंद, अण्णा. आज चार जणांचं आहे."

"माझं पोरगं पहाटे चेन्नईला निघालंय."

"तुमचं?"

"गिऱ्हाईक."

तो हसून पाकीट हातात घेतो. पाईप तीन इंची, भिंत तीन मिलीची. पट्टी आणि पाईप मिळून ६०० रुपये. बुडाचं आणि वरचं झाकण पत्र्यातून कापलं जातं. नळ्या जोडायची तोंडं शेजारच्या टर्नरकडून, ५०० रुपयांत तीन नग.

ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, पण त्याच्या अंगावर जो गंज असतो, डोळ्याला न दिसणारा, तो वितळायला दोन हजारांवर अंश लागतात. म्हणून आधी ॲसिटोनने पुसायचं, मग स्टीलच्या तारेच्या ब्रशने घासायचं. हा ब्रश फक्त ॲल्युमिनियमसाठी. लोखंडाला लावला की बाद. मदतनिसाने तो चुकून उचलला तर फॅब्रिकेटर मान न वळवता ओरडतो.

मी काळी काच डोळ्यासमोर धरतो. निळसर-पांढरा ठिपका. त्याच्यापुढे चमकतं छोटं डबकं. डाव्या हातातली सळई त्यात टेकते, उचलते, टेकते. मागे एकावर एक सरकलेल्या नाण्यांसारखी रेघ. बोलायचं नाही, शिंकायचं नाही.

वरचं झाकण लागण्याआधी आतलं काम. आत येणारी नळी थेट खालपर्यंत. तिच्या वर भोकं पाडलेली आडवी पट्टी. पट्टीवर भांडी घासायच्या स्टीलच्या दोन घासण्या, २० रुपयांना एक, दाबून बसवलेल्या. बाहेर जाणारी नळी अगदी वरून. वाफेने खाली यायचं, वळायचं, मंदावायचं, घासणीतून वाट काढायची. या धडपडीत थेंब भिंतीला आणि तारेला चिकटतात आणि खाली गळतात. बारीक स्टील वूल अण्णा घालू देत नाहीत. त्याचे तुकडे सुटतात आणि टर्बोत जातात. घासणीची पट्टी लांब, सलग असते. तिच्यावरही एक जाळी वेल्ड करून घेतात.

४.१०

तपासणी. एक तोंड बुचाने बंद, दुसऱ्यातून सायकलच्या पंपाने थोडी हवा, डबा बादलीत बुडवलेला. पंक्चरवाला ट्यूब बघतो तसंच. बुडाच्या कडेला एक बुडबुडा, बारीक, हट्टी. फॅब्रिकेटर खडूने खूण करतो. पुसून, वाळवून, परत ठिणगी. दुसऱ्यांदा पाणी शांत.

मजुरी १,४०० रुपये. अण्णा १,२०० म्हणून बघत नाहीत. या माणसाशी ते घासाघीस करत नाहीत, असं ते परत येताना सांगतात. बादली त्याने स्वतःहून आणली म्हणून.

वाटेत रबरच्या दुकानात दोन मीटर नळी, १९ मिलीची, ऑइल सोसणारी, आत धाग्याची वीण असलेली. ३८० रुपये मीटर. साधी पाण्याची नळी ६० रुपयांत मिळते. ऑइलने ती फुगते, ओढीने चपटी होते. आठ क्लिपा, ३० रुपयांना एक. पितळी कॉक १८०.

५.००

गॅरेजमध्ये पोरगा काळाठिक्कर बसलाय. चारही सिलिंडर झालेत. अण्णा आधी पोलोकडे जात नाहीत. कॅमेरा घेतात, चारही पोर्ट बघतात. तिसऱ्यात एका कोपऱ्यात डाग.

"हा राहिला."

"परत मारू?"

"मार. आधी व्हॉल्व्ह मिटलाय का बघ."

एवढंच. पण पोराच्या चेहऱ्यावर आलेलं मी पाहिलं.

५.२५

डबा पोलोत. जागा पुढच्या बाजूला, हेडलाइटमागे, जिथे हवा लागते. एक्झॉस्टजवळ ठेवला तर डबा तापणार, आणि गरम डब्यात वाफेचे थेंब होत नाहीत. लोखंडी पट्टीचा ब्रॅकेट, १५० रुपये, खाली रबराच्या चकत्या. नळ्या अशा वळवायच्या की कुठेही झोळ पडू नये, नाहीतर झोळात ऑइल साचतं आणि वाट बुजते. एक नळी दोनदा कापावी लागली. अण्णांना दीड इंचाचा झोळ पटला नाही.

६.३०

दारात एक सेडान. मालक म्हणतो, शिट्टी वाजते, डबा लावून द्या. अण्णा इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण ओढतात. निघत नाही. आतून कोणीतरी धरल्यासारखं. पीसीव्हीचा पडदा फाटलाय. मॅनिफोल्डची पूर्ण ओढ इंजिनच्या पोटात जातेय. डब्याचा इथे काही उपयोग नाही. पार्ट मागवायचा, शनिवारी या. बघण्याचे पैसे नाही घेतले.

७.४०

पोलो देहू-आळंदी रस्त्याला. सर चालवतात, अण्णा शेजारी, मी मागे. चाकणकडे या वेळी जाणं म्हणजे ट्रकांच्या रांगेत उभं राहणं. ही गाडी मात्र त्या चाकणचीच. २००९ ते २०२२ या वर्षांत पोलो तिथेच बनल्या.

रिकामा पट्टा मिळाल्यावर एकदाच, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पाय. अण्णांच्या मोबाइलवर बूस्टचा आकडा चढतो. शिट्टी नाही, वास नाही. बाजूला घेऊन बॉनेट उघडतात. टॉर्चच्या उजेडात प्रत्येक क्लिप बोटाने चाचपतात. एक पाव फेरा आवळतात.

८.४५

हिशोब. डबा, मजुरी, नळ्या, क्लिपा, कॉक, घासण्या, ब्रॅकेट मिळून ३,८७०. अण्णांचं काम २,०००. सर ५,८७० मोबाइलवरून पाठवतात. पोराला उशिराचे २०० रुपये अण्णा खिशातून काढून हातात देतात, नोटाच.

सकाळचं ताकासारखं मिश्रण पोरगा झाकणाच्या वेगळ्या कॅनमध्ये ओततो. जळक्या ऑइलच्या मोठ्या पिंपात नाही. यात पेट्रोल आहे. सेंटरिंगवाले प्लेटांना लावायला ऑइल मागायला येतात, त्यांना हे द्यायचं नाही, असं त्या कॅनवर खडूने लिहिलंय.

अण्णा पोलोच्या डब्याचा कॉक उघडतात. पंचवीस किलोमीटरला काय येणार? बाटलीचं बूड नुसतं ओलं होतं. पोरगा वहीत नंबर लिहितो, किलोमीटर लिहितो, मिलीच्या रकान्यात शून्य.

"सर, ट्रॅकवर दर सेशननंतर रिकामा करा. गरम असतो, हात सांभाळा. किती आलं ते लिहून ठेवा. ट्रॅकवर रोजच्यापेक्षा जास्तच येणार, घाबरू नका. पण दुसऱ्या सेशनला पहिल्याच्या दुप्पट आलं, तर त्या दिवशी परत ट्रॅकवर जाऊ नका. मला फोन करा."

"मोजू कशात?"

अण्णा क्षणभर थांबतात. मग बाटली फडक्याने आतून-बाहेरून पुसतात, त्याच फडक्यात गुंडाळतात आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवतात.

"परत आणा. नातीची आहे."

पोलो गल्लीतून वळून गेली. पोरगा कंप्रेसरच्या टाकीतली हवा सोडतो, ती बराच वेळ फुसफुसत राहते.

"अण्णा, उद्या पांढरीसारखी दुसरी येणारे. बाटली?"

"येताना मेडिकलमधून आण. रेघा नीट छापलेल्या बघ."